घरगुती यंत्रांचे दप्तर

यंत्र घडविणाऱ्याने ते कसे चालवावे, कसे राखावे आणि त्यापासून कोणता अपाय संभवतो हे विकत घेणाऱ्यास लेखी कळवावे, ही प्रथा आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. फ्रिजचे वा मिक्सरचे खोके उघडले की माहितीपुस्तिका कोठेतरी सरकवली जाते, आणि पुढे यंत्र अडून बसले म्हणजे तिच्या शोधात कपाटे, माळे आणि जुन्या पिशव्या पालथ्या घातल्या जातात. वस्तुतः या पुस्तिकेची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी आहे. आणि कागद जपून ठेवण्याची व हवा त्या क्षणी हाती काढण्याची जी विद्या तिच्यासाठी लागते, ती महाराष्ट्राला पेशवाईच्या काळापासून उत्तम अवगत होती.

या परंपरेच्या आरंभीच स्वयंपाकातील एक पात्र आढळते. डेनिस पापिन या फ्रेंच विद्वानाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबाने हाडेसुद्धा मऊ करणारे, घट्ट झाकणाचे एक भांडे सादर केले आणि १६८१ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक छापले. भांड्याची घडण, पाकक्रियेत, समुद्रप्रवासात व रंगकामात होणारा त्याचा उपयोग, एवढेच नव्हे तर मोठ्या भांड्यास किती खर्च येईल आणि त्यापासून काय लाभ होईल, याचाही ऊहापोह त्याने त्यात केला. दाब मर्यादेबाहेर गेल्यास वाफ सोडणारी झडपही त्याचीच योजना. आजचा प्रेशर कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय, आणि कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेचे मूळही पापिनच्याच ग्रंथात शोधावे लागते. पुढे शंभर वर्षांनी, १७७९ मध्ये, बोल्टन आणि वॉट यांनी आपल्या बाष्पयंत्राची उभारणी व चालवणूक यांविषयीच्या सूचना छापून काढल्या. यंत्राचे भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होऊन खाणीच्या तोंडाशी जोडले जात आणि प्रत्येक जागी वॉटने जातीने उभे राहणे अशक्य होते. तेव्हा कारागिराच्या गैरहजेरीत त्याचे ज्ञान कागदानेच पोहोचते करणे भाग पडले.

घराच्या उंबरठ्याआत यंत्र आणि पुस्तिका ही जोडी मुख्यत्वेकरून शिवणयंत्राने आणली. आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये अमेरिकेत आपल्या शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या देखरेखीखाली मुंबईहून त्या कंपनीचा हिंदुस्थानातील व्यापार वाढला. पुस्तिकेत यंत्राची आकृती असे, आकृतीवर आकडे असत, आणि रिळावरून निघालेला धागा कोणत्या आकड्यावरून कोणत्या आकड्याकडे नेत सुईच्या नेढ्यात ओवावा, तेल कोणत्या छिद्रात सोडावे, बॉबिन कशी भरावी, हे सारे क्रमवार सांगितलेले असे. अक्षरओळख बेताची असलेल्या गृहिणीलाही त्या आकृतीवरून हात चालविता येई. यंत्राच्या लाकडी मेजाला खण असे, त्यात सुया, बॉबिनी आणि तेलाची कुपी यांच्या शेजारीच ही पुस्तिका राहत असे, आणि म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या हरवत नसे.

महाराष्ट्राच्या मातीत हीच जाणीव लक्ष्मणराव किर्लोस्करांना झाली. त्यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर घडविला, परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे शेतकरी तो विकत घेण्यास धजेनात. नांगर घडविण्याइतकेच तो समजावून सांगणेही अगत्याचे आहे, हा धडा त्या अनुभवात होता. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. मराठीतील एका नामांकित मासिकाचा जन्म असा एका कारखान्याच्या माहितीपत्रकातून झाला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अभिमानाने नोंदवावी अशी आहे.

रेडिओने घरातील कागदांत आणखी भर घातली. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला टपाल कचेरीतून परवाना काढून तो दरसाल नवा करून घ्यावा लागे. परवान्याच्या लहानशा पुस्तकात शुल्काची तिकिटे चिकटवून त्यांवर टपाल कचेरीचा शिक्का उमटे. परवान्याचे हे पुस्तक, दुकानदाराची पावती, गॅरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका असा चार कागदांचा संच प्रत्येक सेटमागे तयार झाला. सरकारी तपासनीस दारात येईल या धास्तीने परवाना जपला जाई, आणि त्याच्या आधाराने उरलेले कागदही जपले जात.

येथे आपल्या जुन्या दफ्तरखान्याची आठवण करणे आवश्यक आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद चौकोनी कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांत रोजकीर्द म्हणजे दिवसावारीने लिहिलेली नोंद, आणि घडणी म्हणजे त्याच नोंदी बाबवार निवडून केलेली मांडणी. एकच मजकूर तारखेने शोधणाऱ्यास एका ठिकाणी व विषयाने शोधणाऱ्यास दुसऱ्या ठिकाणी सापडावा, ही ती दूरदृष्टी होय. नाना फडणीसांच्या कारकिर्दीत ही शिस्त कळसास पोहोचली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ती ढासळली. कागदाची किंमत काय असते हे १८५२ च्या इनाम कमिशनने दाखवून दिले. सनद हजर करू न शकलेल्या कित्येक इनामदारांच्या जमिनी त्या चौकशीत खालसा झाल्या. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेही पूर्वजांनी ते रुमाल बांधून ठेवले होते म्हणूनच.

आज यंत्राच्या पुस्तिकेला सनदेसारखेच बळ आले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीचे कार्य उभारले. १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि २०१९ च्या कायद्याने तर योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे किंवा धोक्याचा इशारा न दिल्यामुळे ग्राहकास इजा झाली तर उत्पादकास जबाबदार धरले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ नावाची सोय सुरू करून दुरुस्तीची माहिती व पुस्तिका एके ठिकाणी मिळण्याचा मार्ग खुला केला. निर्मात्याचे कर्तव्य अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत बसले. ग्राहकाचे कर्तव्य मात्र अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपले एक छोटे दप्तर करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वस्तू घरात येताच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर खरेदीची तारीख, दुकानाचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर छापलेला अनुक्रमांक लिहावा. पावती व गॅरंटी कार्ड त्याच पानाला टाचावे. स्वयंपाकघरातील यंत्रे, करमणुकीची साधने, पाणी व वीज यांची उपकरणे अशी बाबवार पाकिटे करावीत, आणि वरच्या यादीत ती तारीखवार नोंदवावीत, म्हणजे रोजकीर्द आणि घडणी या दोहोंचा लाभ मिळेल. हरवलेली पुस्तिका निर्मात्याकडून पुन्हा मिळविता येते, परंतु त्यासाठीही तो मॉडेल क्रमांकच लागतो. जी वस्तू मोडीत निघाली तिचे कागदही त्याच दिवशी काढून टाकावेत, कारण निरुपयोगी कागदांच्या गर्दीत उपयोगी कागद सापडेनासा होतो. या कामाला एक दुपार पुरते. ती या आठवड्यातच काढावी.