पांढऱ्या काठाचा टायर

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करावयास निघालेल्या माणसाला मुख्य अडचण पैशाची येते, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. आमच्या आजोबांनी सैन्याच्या लिलावात घेतलेली आणि पुढे साताऱ्याकडील गावी वापरलेली बुलेट मोटारसायकल गेल्या वर्षी आम्ही दिल्लीस आणली. इंजिन चालू झाले, टाकीला रंग लागला. टायरपाशी मात्र घरात मतभेद उभा राहिला. धाकट्या बंधूंना पांढऱ्या काठाचे टायर हवे होते. जुनी गाडी म्हटली की पांढरा काठ आलाच, हे त्यांचे म्हणणे. आणि पुराव्यादाखल आजोबांचे एक छायाचित्र. त्यात दोन्ही चाकांवर फिकट कडे दिसते.

फायलीवर शेरा मारण्यापूर्वी पूर्वपीठिका पाहावी, ही आमच्या नोकरीची शिकवण. ती येथेही उपयोगी पडली.

1888 साली बेलफास्ट येथे जॉन डनलॉप यांनी हवेचा टायर सिद्ध केला. त्या काळचे टायर काळे नसत. रबर मुळातच फिकट. त्यात झिंक ऑक्साइड मिसळले की ते अधिकच पांढरे होई. आपल्याकडील वैद्यांचे यशदभस्म ते मुख्यतः हेच. 1904 च्या सुमारास लंडनजवळील सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात रबरात बारीक काजळी मिसळून पाहण्यात आली आणि ते झिजेला कितीतरी अधिक टिकते असे आढळले. आपण लहान मुलाला काजळाची तीट लावतो ती दृष्ट लागू नये म्हणून. टायरला लागलेले काजळ झीज व ऊन या दोहोंपासून त्याचे रक्षण करते.

आरंभी काही ठिकाणी ही काजळी फक्त जमिनीला लागणाऱ्या भागात घालीत व बाजू पांढऱ्याच ठेवीत. म्हणजे आज ज्याला आपण ऐट समजतो, तो पांढरा काठ मुळात काटकसरीचा अवशेष होय! संपूर्ण काळा टायर त्या वेळी अधिक चांगला मानला जाई. पुढे काळा टायर सर्वत्र झाला, तेव्हा अमेरिकेतील श्रीमंती मोटारींनी पांढरा काठ हौसेखातर जवळ केला. 1942 साली मलाया जपानच्या हाती जाऊन रबराचा तुटवडा पडला, तेव्हा ही हौस मागे पडली. युद्धानंतर ती परतली.

तात्पर्य, 'जुने' हा शब्द येथे अपुरा आहे. कोणत्या साली, कोणत्या देशी व कोणत्या कामासाठी गाडी बनली, हे विचारले पाहिजे. 1950 च्या सुमाराची एखादी अमेरिकन मोटारसायकल असती, तर आम्ही बंधूंचे म्हणणे तत्काळ मान्य केले असते. पण 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली ती प्रामुख्याने सैन्याच्या मागणीमुळे. आणि सैनिकी यंत्राला चकाकणारा काठ कोण लावील?

उरले छायाचित्र. ते आम्ही भिंग घेऊन पाहिले. चाकावरचे फिकट कडे वेडेवाकडे होते. तसाच फिकटपणा मडगार्डवर होता आणि आजोबांच्या बुटांवरही. तो वाळलेला चिखल होता.

करोलबागेत आम्हांस पांढऱ्या काठाची एक सुबक जोडी दाखविण्यात आली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. त्यावरून ती जोडी दहा वर्षांहून जुनी निघाली, आणि काठाला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. रंगाचा वाद घालता घालता हे आकडे पाहावयाचे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. अखेर 3.25-19 मापाचे, त्याच वर्षी बनलेले काळे टायर आम्ही घेतले. आऱ्यांच्या चाकाला बहुधा ट्यूब लागते. तीही नवी घेतली.

बंधूंनी रुकार दिला, पण नाखुषीने. पावसाळ्यात एका रविवारी गाडी घेऊन आम्ही दोघे यमुनेकाठी जाऊन आलो. घरी येईतो चिखल वाळून दोन्ही चाकांवर फिकट कडे उमटले होते. बंधूंनी काही न बोलता आम्हांस गाडीजवळ उभे केले आणि छायाचित्र घेतले.