अर्ज : हरलेली रक्कम परत मिळणेबाबत

बँकेत हरवलेल्या वस्तूंसाठी अर्ज मिळतात. पासबुक हरवलं, चेकबुक हरवलं, मुदतठेवीची पावती हरवली, लॉकरची किल्ली हरवली, प्रत्येकाचा नमुना वेगळा. गेली वीसएक वर्षं मी हे अर्ज लोकांपुढे सरकवतो आहे आणि 'तिथं नाही, इथं सही करा' असं म्हणतो आहे. पण 'हरलेल्या' रकमेचा अर्ज मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. आलं ते परवाच्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, थेट माझ्या घरी. आणि आले ते आमचे साडू.

शुद्धलेखनाच्या दृष्टीनं पाहिलं तर फरक एका 'व'चा आहे. साडूंच्या मते तेवढाही नव्हता. त्यांच्या बगलेत एक फाइल होती. इतकी नीटनेटकी फाइल मी आमच्या इन्स्पेक्शनच्या दिवशीही पाहिलेली नाही.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे. एक अर्ज लिहून द्या. नुकसानभरपाईचा."

प्रकरण असं होतं. आमचे साडू दोनअडीच वर्षं मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होते. २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जाहिराती बंद, बँकांनी त्यांचे व्यवहार करायचे नाहीत, सगळं बंद. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. यावरून साडूंनी जे तर्कशास्त्र रचलं होतं ते असं : सरकारनं बंदी घातली, म्हणजे ती गोष्ट मुळात चूक होती, चूक कंपनीची होती, तेव्हा पैसे परत. आकडाही तयार होता. ४,३८,६०० रुपये.

मी बी. कॉम. आहे. समोर आकडा आला की हात आपोआप दुसऱ्या बाजूला जातो. म्हटलं, "ही नावे बाजू झाली. जमा बाजू कुठं आहे? कधी जिंकलाच नाहीत?"

"जिंकलो ना. एक लाख बारा हजार. पण ते माझ्या कौशल्यानं."

म्हणजे हरले ते कंपनीमुळे आणि जिंकले ते कौशल्यानं. मी मुकाट्यानं ३,२६,६०० असा आकडा पेन्सिलीनं लिहिला. आमची मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, कारण त्या रकमेत तिच्या दोन पाटल्या होत्या. त्या गहाण पडल्या होत्या आमच्याच शाखेत, आणि सोनेतारणाचा तो अर्ज मीच माझ्या सुवाच्य अक्षरात भरला होता. कर्जाचं कारण : घरदुरुस्ती. घर चांगलं धडधाकट आहे हे मला ठाऊक होतं. तिथं दर गणपतीत मी जेवतो.

तेव्हा अर्ज लिहिणं मला भागच होतं. अर्जाला आधार लागतो. मी आठ दिवस मागून घेतले आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसू लागलो. जुगारात हरलेले पैसे परत मागायला लोक कधीपासून कोर्टात जातात, याचा शोध घेता घेता माझा इतिहासाशी जितका संबंध आला तितका मॅट्रिकलाही आला नव्हता.

पहिलाच सापडलेला कायदा वाचून मला साडूंना तार करावीशी वाटली. १७१० साली, अ‍ॅन राणीच्या राज्यात, इंग्लंडच्या पार्लमेंटानं ठरवलं की एका बैठकीत १० पौंड किंवा त्याहून जास्त हरलेल्या माणसानं तीन महिन्यांच्या आत दावा लावावा आणि पैसे परत घ्यावेत. दयाबुद्धी वगैरे काही नव्हती. सरदार-दरकदारांची पोरं एका रात्रीत वाडवडिलांच्या जमिनी पत्त्यांवर घालवत होती आणि जमीन गेली की घराणंच जायचं, ही काळजी होती. पण खरी गंमत पुढच्या कलमात आहे. हरलेला माणूस लाजेनं गप्प बसला, तर तीन महिन्यांनंतर दुसऱ्या कुणीही, अगदी कुणीही, दावा लावावा आणि जिंकणाऱ्याकडून तिप्पट रक्कम घ्यावी! अर्धी दावा लावणाऱ्याची, अर्धी त्या गावच्या गोरगरिबांची.

हे सांगितल्यावर साडू माझ्याकडे जरा संशयानंच पाहू लागले. "म्हणजे मी नाही मागितले तर तुम्ही तिप्पट मागणार?"

त्यांना धीर दिला, की राणी वारली त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली आणि कायदा आपल्याकडचा नव्हे. आपल्याकडची हकीकत उलटी आहे, आणि ती खास मुंबईची आहे.

त्या काळी कंपनी सरकार कलकत्त्याला अफूचा लिलाव करी. पाटण्याच्या अफूच्या पेटीला पुढच्या लिलावात सरासरी काय भाव येईल, यावर इकडे मुंबईतले व्यापारी पैजा लावत. अफू तिकडे, लिलाव तिकडे, पेटी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही. फक्त फरकाची रक्कम द्यायची किंवा घ्यायची. (पुढं यालाच अर्थशास्त्राच्या पुस्तकात भारदस्त नाव मिळालं आणि आम्हाला त्यावर दहा मार्कांचा प्रश्न आला.) अशा एका पैजेचा तंटा रामलाल ठाकुरसीदास आणि सोजुमल धोंडमल यांच्यात लागला आणि मुंबईहून चढत चढत थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलात पोचला. इंग्लंडात १८४५ च्या कायद्यानं पैजेचा करार रद्दबातल ठरला होता. पैजेसाठी कोर्टाचं दार बंद. पण तो कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. तेव्हा १८४८ साली लॉर्ड कॅम्बेल यांनी, अगदी नाइलाज म्हणून, निकाल दिला की हिंदुस्थानात पैजेचे पैसे कोर्टातून मागता येतात. म्हणजे साहेबाच्या देशात जे निषिद्ध, ते इथं वसूलपात्र! सरकारलाही लाज वाटली असावी, कारण त्याच वर्षी एकविसावा कायदा करून इथल्याही पैजा रद्दबातल करण्यात आल्या.

मुंबईकर असल्या कायद्यांनी थांबणारे नव्हेत. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर शेअरांचा सट्टा उसळला आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरताच सगळं शहर एका दिवसात कंगाल झालं. ज्या बँकेनं हे शेअर तारण ठेवून कर्जं वाटली होती ती बँक ऑफ बॉम्बे तीन वर्षांत बुडाली. हा भाग मी दोनदा वाचला. त्या बँकेतही एखादा कारकून असेल, सुवाच्य अक्षराचा, कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिणारा. त्याच १८६५ मध्ये मुंबई इलाख्यापुरता आणखी एक कायदा झाला : पैज तर रद्दच, पण पैजेच्या आसपासचे करारही रद्द, दलालाला दलालीसुद्धा मागता येणार नाही. मग लोक पावसावर पैजा लावू लागले. पन्हाळीतून पाणी पडेल की नाही, इतक्यावर. १८९० मध्ये सरकारला कायदा दुरुस्त करून पाऊससुद्धा जुगारात घालावा लागला.

मधल्या काळात, १८७२ साली, करार कायदा आला. त्याचं तिसावं कलम आम्ही बी. कॉम.ला पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर शास्त्रोक्त रीतीनं विसरलो होतो. पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी दावा चालणार नाही. अपवाद एकच, घोड्यांच्या शर्यतीतलं ५०० रुपये किंवा त्याहून मोठं बक्षीस. साहेबाचं घोड्यांवर प्रेम होतं.

"झालं तर मग!" साडू उसळून म्हणाले. "करारच रद्द. पैसे परत!"

"तसं नाही हो. जिंकलेल्याला कोर्ट मदत करत नाही, तसंच दिलेले पैसे परत मागणाऱ्यालाही सहसा करत नाही. दोघांनी मिळून चिखलात उडी मारली, तर एकाच्या कपड्यांची धुलाई सरकार देत नाही."

"पण रमी जुगार नाहीच!"

हे खरं होतं. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये म्हटलं आहे, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठलं पान ठेवावं आणि कुठलं टाकावं याला डोकं लागतं. मी म्हटलं, "मग अर्जात काय लिहू? हा जुगार होता असं लिहिलं तर कोर्ट हात झटकणार. कौशल्याचा खेळ होता असं लिहिलं, तर अर्जदाराकडे कौशल्य नव्हतं असं होतं."

साडूंनी बराच वेळ फाइलीची दोरी सोडली आणि बांधली.

मग ते जे बोलले त्यानं मी गप्प झालो. "भाऊसाहेब, मी त्यांना दोनदा कळवलं होतं, माझं खातं बंद करा म्हणून. बंद केलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये बोनस दिला. मला कुणी अडवायला नको होतं का?" असं म्हणून ते माझ्याकडे पाहू लागले. कंपनीकडे पाहता येत नव्हतं म्हणून असेल.

याच प्रश्नावर दोन मोठे खटले होऊन गेले आहेत. पहिला इंग्लंडातला. कॅल्व्हर्ट नावाचे शर्यतीच्या कुत्र्यांचे एक प्रशिक्षक. २००६ साली काही महिन्यांत त्यांनी विल्यम हिल या पैजवाल्या कंपनीकडे वीस लाख पौंडांच्या वर घालवले. त्यातले ३,४७,००० पौंड एकाच पैजेवर, गोल्फच्या रायडर कपात अमेरिका जिंकणार म्हणून. युरोप जिंकलं. पण या गृहस्थांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, की माझ्या पैजा घेऊ नका. आणि कंपनीनं ती सूचना अमलातच आणली नव्हती. २००८ साली कोर्टानं मान्य केलं की इथं कंपनी चुकली. आणि तरी पैसे दिले नाहीत! का, तर हिनं दार लावलं असतं तरी हा माणूस दुसऱ्या दारी जाऊन तेवढेच हरला असता. अपिलातही तेच कायम झालं.

दुसरा खटला मेलबर्नचा. काकावास नावाचे जमीनजुमल्याचे व्यापारी क्राउन कॅसिनोत बॅकरॅट खेळत. कॅसिनोनं त्यांना खासगी विमानानं आणावं, उधारी द्यावी, असा थाट. २००५ च्या जूनपासून २००६ च्या ऑगस्टपर्यंत त्यांनी फिरवलेली एकूण रक्कम १४७ कोटी ९० लाख डॉलर आणि निव्वळ तोटा २ कोटी ५ लाख. एवढी उलाढाल आमच्या शाखेत झाली असती तर मॅनेजरला बढती आणि मला वेड लागलं असतं. ते म्हणाले, मला व्यसन आहे हे कॅसिनोला ठाऊक होतं आणि त्याचा फायदा घेतला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं २०१३ मध्ये सांगितलं, की तुम्ही अटी घालून, घासाघीस करून खेळत होता. जो सौदा ठरवू शकतो त्याला अगदी असहाय म्हणता येणार नाही.

कॅल्व्हर्टचा निकाल वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. तो अर्ज मी भरला नसता तर? समोरच्या रस्त्यावर दुसरी बँक आहे, तिच्या पुढं सोन्यावर कर्ज देणारे दोन दुकानदार. तिथं जाऊन साडूंनी त्याच पाटल्या ठेवल्या असत्या. कायद्यानं मी सुटलो. पण मेहुणीच्या घरचं जेवण मला काही दिवस गोड लागणार नाही, यावर इंग्लंडच्या कोर्टाचा इलाज नाही.

साडूंना उमेद यावी म्हणून मी केंटकीची हकीकत शेवटी राखून ठेवली होती. अ‍ॅन राणीचा तो तिपटीचा कायदा अमेरिकेतल्या काही राज्यांनी जसाच्या तसा उचलला आणि केंटकीत तो विसरून राहून गेला. २०१० साली पोकरस्टार्स या ऑनलाइन कंपनीवर दावा लागला, आणि 'दुसरा कुणीही' म्हणून उभं कोण राहिलं, तर खुद्द केंटकी राज्य! २०१५ मध्ये न्यायाधीशांनी खेळाडूंचं नुकसान २९ कोटी डॉलर धरलं. तेही फक्त हरलेले. जिंकलेले वजा न करता. ("बघा!" साडू म्हणाले. मी पेन्सिलीचा आकडा खोडला नाही.) तिप्पट म्हणजे ८७ कोटी. २०१८ ला निकाल उलटला, २०२० ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं पुन्हा सुलटा केला, आणि २०२१ मध्ये ३० कोटींवर तडजोड झाली.

"आणि हरलेल्यांना किती मिळाले?"

"राज्याला मिळाले. वकिलांचे वजा जाता."

इतका वेळ गप्प असलेली मेहुणी आता पहिल्यांदा बोलली. "भाऊजी, जुगारात गेलेलं सगळंच्या सगळं परत मिळाल्याचं एक उदाहरण आहे की. महाभारतात."

आम्ही दोघं चपापलो. तिचं बरोबर होतं. राज्य, धन, चार भाऊ, स्वतः आणि बायको असं सगळं हरल्यावर ते परत मिळालं; पण मागितलं ते युधिष्ठिरानं नव्हे. द्रौपदीनं धृतराष्ट्राकडून दोन वर घेतले, पाचही नवरे सोडवले, तिसरा वर नको म्हणाली, आणि म्हाताऱ्यानं राज्यही परत केलं.

"आणि मग?" मेहुणी नवऱ्याकडे बघत म्हणाली. "घरी पोचायच्या आत दुसरं बोलावणं आलं आणि हे परत बसले खेळायला. तेव्हा पैसे परत आलेच, तर आधी कुणाच्या हातात येणार ते अर्जात लिहा."

साडू फाइलकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून टीपॉयवर ठेवला. बंदी आल्यापासून त्यात रमी नव्हती, तरी ठेवला. मेहुणीनं तो उचलून पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "पाटल्या सोडवायला महिन्याला किती भरावे लागतील, तेवढं काढून द्या."

मुद्दल १,८०,०००, दर शेकडा ९, मुदत दोन वर्षं. महिना ८,२२३ रुपये. लिहायला कागद हवा होता, म्हणून साडूंनीच फाइल सोडली आणि स्टेटमेंटचं एक पान उलटं करून पुढं केलं. पाठकोरं होतं. दोन वर्षांचे हप्ते त्यावर बरोबर मावले.

पहिला हप्ता त्यांनी पाच तारखेला भरला. रांगेत उभे राहून पुढच्या माणसाला केंटकीबद्दल सांगत होते.