वॉकीटॉकीवर बोलणं संपलं की ‘खर्रर्र’ का होतं?

पिक्चरमध्ये पोलीस वायरलेसवर ‘ओव्हर’ म्हणतात आणि पाठोपाठ ‘खर्रर्र’ ऐकू येतं. हा बिघाड नाही. स्क्वेल्च नावाच्या सर्किटला आवाज बंद करायला लागलेला तो क्षणभराचा उशीर आहे.

स्क्वेल्च करतं काय?

सिग्नल नसताना एफएम रिसीव्हर नुसता खरखरतो. तेव्हा स्पीकर बंद ठेवण्याचं काम स्क्वेल्च करतं. हॅम रेडिओच्या रिपीटरमध्ये त्याची जबाबदारी आणखी मोठी असते. रिपीटर सहसा डोंगरावर किंवा उंच इमारतीवर असतो. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पाठवतो. कुणी बोलतंय की नाही, हे तिथे स्क्वेल्चच ठरवतं.

ते ओळखतं कसं?

रेडिओवर माणसाचा आवाज साधारण ३००० हर्ट्झपर्यंतच असतो, पण खरखर त्याच्याही वर पसरलेली असते. सर्किट फिल्टर लावून फक्त ही वरची खरखर मोजतं. सिग्नल आला की खरखर दबते. ती ठरलेल्या पातळीखाली गेली की ट्रान्समीटर सुरू होतो.

मग अडचण कुठे येते?

चालत्या गाडीतून येणारा सिग्नल सारखा कमी-जास्त होतो. सर्किट झटकन बंद झालं तर शब्द तुटतात आणि उशिरा बंद झालं तर प्रत्येक वाक्यामागे खर्रर्र. यावर मोटोरोलाच्या जुन्या मायकॉर रेडिओतला तोडगा हॅम मंडळींमध्ये आजही नावाजला जातो. सिग्नल दणदणीत असेल तर हे सर्किट लगेच बंद होतं, कमजोर असेल तर सेकंदाचा काही भाग थांबतं.

भलताच सिग्नल आत येऊ नये म्हणून अनेक रिपीटर आवाजासोबत एक ठरलेला बारीक टोनही मागतात. हे टोन साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधले असतात आणि रेडिओ ते स्पीकरपर्यंत जाऊ देत नाही.

सेटिंग का महत्त्वाचं?

स्क्वेल्च फार सैल ठेवलं तर रिपीटर दिवसभर खरखरच प्रसारित करतो आणि ट्रान्समीटर तापतो. फार घट्ट ठेवलं तर कमजोर सिग्नल आतच येत नाही. पुरात मोबाईल बंद पडलेत आणि कुणीतरी बॅटरी संपत आलेल्या हँडसेटवरून मदत मागतंय, तर तो सिग्नल कमजोरच असणार. त्यामुळे थोडी खर्रर्र चालेल, पण ती हाक सुटता कामा नये.