लोको पायलट : थकवा व विश्रांती

रेल्वेचे इंजिन चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन कामगिऱ्यांच्या मध्ये नियमाने द्यावयाची विश्रांती. भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. मुंबई-हावडा लोहमार्ग या जिल्ह्यात वरठी (भंडारा रोड) व देव्हाडी (तुमसर रोड) येथून जातो आणि माडगीजवळ वैनगंगा ओलांडतो. कोळशाच्या, तुमसर भागातल्या मँगनीजच्या मालगाड्या इथून रात्रंदिवस धावतात. मालगाडीला प्रवासी गाडीसारखे पक्के वेळापत्रक नसते. त्यामुळे लोको पायलटला बोलावणे कोणत्याही प्रहरी येते.

2005 च्या नियमांनुसार आठ तास वा जास्त ड्यूटी झाल्यास मुख्यालयी 16 तास विश्रांती मिळते. महिन्यातून 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच सुट्ट्याही असतात.

विश्रांतीचे तास भरले म्हणजे झोप झाली, असे मात्र नाही. रात्र जागून सकाळी घरी आलेल्याला मे महिन्यात भंडाऱ्याच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबखाली झोपायचे असते. कूलर गरम हवा फेकतो, दारात भाजीवाला ओरडतो, घरच्यांची कामे चालू असतात. दोन-तीन तासांत डोळा उघडतो, आणि पुढची रात्र पुन्हा रुळांवर. पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत कठीण. शरीर त्या वेळी झोपच मागते. म्हणून केबिनमध्ये लोको पायलट व त्याचा सहायक असे दोघेही प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारतात. एकाने ‘डबल यलो’ म्हटले की दुसऱ्याने तेच म्हणायचे. एकाला डुलकी लागली, तर ती दुसऱ्याच्या कानाला कळते.

इंजिनात दक्षता यंत्रही असते. साधारण 60 सेकंद काहीच हालचाल झाली नाही तर दिवा लुकलुकतो, आठ सेकंदांनी भोंगा वाजतो, आणखी आठ सेकंदांनी ब्रेक लागतात. ताशी 60 किलोमीटरने चाललेली मालगाडी तेवढ्यात सव्वा किलोमीटर पुढे गेलेली असते. काही सेकंदांची डुलकी तर या यंत्राच्या हाती लागतच नाही. लॉबीत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या कक्षात, ड्यूटीवर रुजू होताना श्वास तपासून मद्य ओळखता येते. अपुरी झोप तशी मोजली जात नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

जहाजांवर हाच धोका 2010 मध्ये ‘शेन नेंग 1’ या जहाजाने दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ते चढले तेव्हा पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला आदल्या सुमारे 38 तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. आंतरराष्ट्रीय नियम जहाजावर 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मागतो. त्यातला एक भाग सलग सहा तासांचा हवा.

रेल्वेत साप्ताहिक सुट्टीच्या 30 तासांत रोजच्या विश्रांतीचे 16 तास मिसळू नयेत, सलग 46 तास मिळावेत, ही लोको पायलटांची जुनी मागणी आहे. 2024 मध्ये दक्षिण रेल्वेतील कर्मचाऱ्यांनी तिच्यासाठी आंदोलन केले.