मानमोडी : परसांतल्या कोंबडीच्या एका शत्रूचा इतिहास

कोंबडी पाळणें हा दिसावयास अगदीं सोपा उद्योग आहे. चार कोंबड्या, एक कोंबडा, रात्रीं कोंडावयास खुराडें आणि पिलें झांकावयास एक डालगें एवढ्या भांडवलावर हा संसार उभा राहतो. खाणें तिचें तीच शोधते. कांडणांतील कोंडाकणी, ताटांतील खरकटें आणि उकिरड्यांतील किडे यांवर ती गुजराण करते व वर्षाकांठीं साठसत्तर अंडीं देऊन मालकिणीचें ऋण फेडते. मालकीण हा शब्द मीं जाणून योजला आहे. शेत, बैल, गाडी यांची मालकी बहुधा घरांतल्या पुरुषाची. पण परसांतलें खुराडें बहुतेक सगळीकडे बाईचें. मिठामिरचीचा खर्च, मुलाची पाटी, माहेरीं जावयाचें गाडीभाडें हें तिनें कोणापुढें हात न पसरतां काढावयाचें तें याच खुराड्यांतून. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत ऐकावी, अशी श्रोत्यांना विनंति आहे. कारण या इतिहासांत जें जें उशिरां घडलें, तें पुष्कळसें या मालकीमुळेंच उशिरां घडलें असें माझें मत आहे.

या चिमुकल्या संसाराला शत्रु थोडे नाहींत. घार आभाळांतून झडप घालते; मुंगूस आणि बोका कुंपणांतून शिरतात; अंड्यांवर सापाचा डोळा असतो. पावसाळ्यांत खुराड्याची जमीन ओली राहिली कीं पिलांना रक्ती हगवण लागते. पिसवा आणि उवा माजल्या म्हणजे कोंबडी सायंकाळीं खुराड्यांत शिरावयास कुरकुरते. तिला राखेचा किंवा कोरड्या मातीचा एक खड्डा करून द्यावा, म्हणजे ती त्यांत लोळून आपला उपचार आपणच करून घेते. रोमन ग्रंथकार कोलुमेला यानें पहिल्या शतकांत आपल्या शेतकीच्या ग्रंथांत राख आणि कोरडी धूळ हाच उपाय लिहून ठेवला आहे, आणि त्यांत सुधारणा करण्यासारखें अजूनही फारसें कांहीं नाहीं.

शिवाय कोंबडी खुडूक होते ती अडचण निराळीच. खुडूक झालेली कोंबडी अंडीं देणें थांबविते, एका कोपऱ्यांत ठाण मांडून बसते आणि कोणी जवळ गेलें कीं पिसें फुलवून अंगावर येते. अंडीं खालीं ठेवलीं तर एकवीस दिवस उबविणार, मग दीडदोन महिने पिलें हिंडविणार; तोंवर अंड्यांचें उत्पन्न बंद. ज्यांना पिलें नको असतात ते तिला गार पाण्यांत बुडवितात. हा उपाय मला क्रूर वाटतो, आणि तो नेहमीं लागूही पडत नाहीं. वर्षाला तीनशेंच्या आसपास अंडीं देणाऱ्या जातींतून माणसानें ही खोडच निवडून निवडून काढून टाकली. पण मग पिलें काढावयास यंत्र लागतें, आणि यंत्र परसांत नसतें.

हे सारे शत्रु ओळखीचे आहेत. घार कोणत्या वेळीं घिरट्या घालते आणि मुंगूस कोणत्या भोकांतून येतें हें बाईला ठाऊक असतें. पण एक शत्रु असा आहे कीं, तो येतांना दिसत नाहीं. आदल्या संध्याकाळीं चांगली दाणे टिपणारी कोंबडी सकाळीं मान पाडून उभी असते. चोंच वासून श्वास घेते, हिरवट पाण्यासारखी विष्ठा टाकते, एखादा पाय किंवा पंख लुळा पडतो. जी त्यांतूनही चारदोन दिवस तग धरते तिची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळते आणि ती जागच्या जागीं गोल फिरूं लागते. या वळलेल्या मानेवरूनच आपल्याकडे या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात. कोणा वैद्यानें किंवा पंडितानें दिलेलें हें नांव नव्हे. तें खुराड्यापाशीं उभें राहून दिलेलें आहे, आणि इंग्रजी नांवापेक्षां तें मला अधिक सार्थ वाटतें. एका खुराड्यांत मानमोडी शिरली कीं आठपंधरा दिवसांत सारी आळी ओस पडते. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक कोंबड्या मेल्याचे प्रकार सर्रास घडतात.

कोंबडी आणि मनुष्य यांचा सहवास कांहीं हजार वर्षांचा आहे. तिचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियाच्या बाजूचा तांबडा रानकोंबडा. अलीकडच्या वंशशास्त्रीय शोधांनीं यावर शिक्कामोर्तब केलें आहे. त्यांत आपल्या सह्याद्रीचाही एक वांटा आहे. कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून पश्चिम व दक्षिण भारतांतल्या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असें २००८ सालीं सिद्ध झालें. इतक्या जुन्या सोबत्याचा हा रोगही तितकाच जुना असेल असें कोणालाही वाटेल. पण शास्त्राच्या दप्तरांत त्याची स्वतंत्र नोंद होते ती १९२६ सालीं. त्यापूर्वीं कोंबड्यांचा कोणताही मोठा संहार झाला कीं त्याला पटकी म्हणत किंवा प्लेग म्हणत आणि विषय संपवीत.

१९२६ सालीं ही सांथ एकमेकांपासून हजारों मैल दूर असलेल्या दोन ठिकाणीं दिसली: जावा बेटांत आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यूकॅसल शहराजवळ. दोन्ही ठिकाणीं जहाजांची ये-जा मोठी असल्यामुळें रोग समुद्रमार्गानें गेला असावा असा तर्क करण्यांत येतो. इंग्लंडांत डॉईल नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचा अभ्यास केला आणि हा रोग जुन्या प्लेगहून निराळा असून, जंतु अडविणाऱ्या बारीक गाळण्यांतूनही पार होणाऱ्या एका विषाणूमुळें तो होतो हें दाखवून दिलें. लक्षणांवरून नांव ठेवलें तर दुसऱ्या रोगांशीं घोटाळा होईल, म्हणून त्यानें तूर्त गांवाचें नांव दिलें. तूर्त दिलेलें तें नांव आज शंभर वर्षें टिकून आहे.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९२७ सालीं, हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊंच्या डोंगरांत राणीखेत येथें कोंबड्या मरूं लागल्या. राणीखेत ही १८६९ सालीं वसविलेली लष्करी छावणी. देवदाराचीं झाडें, थंड हवा आणि समोर बर्फाचीं शिखरें असें रमणीय स्थळ. परंतु नशीब कसें पहा. त्या सुंदर गांवाचें नांव भारतांतल्या प्रत्येक पशुवैद्याच्या जिभेवर आहे तें एका मरीचें नांव म्हणून. पुढें तपासाअंतीं न्यूकॅसलचा आणि राणीखेतचा रोग एकच असल्याचें ठरलें. पण आपल्याकडे ‘राणीखेत’ हेंच नांव रूढ झालें.

राणीखेतचा हा रोग तपासला गेला तो त्याच डोंगरांतील मुक्तेश्वर येथें, आणि मुक्तेश्वरची कथा पुण्यांत सुरू होते. ९ डिसेंबर १८८९ रोजीं सरकारनें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलेल्या संस्थेंत, इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. भरवस्तींत भयंकर रोगांचे जंतु बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती तेथून उचलून साडेसात हजार फूट उंचीवरच्या मुक्तेश्वरच्या एकांतांत नेण्यांत आली. हा सारा खटाटोप कशासाठीं? कोंबडीसाठीं खास नव्हे. बुळकांडीनें गुरें मरत, शेती बसे आणि सारा बुडे. सरकारची कळकळ होती ती बैलाची. राणीखेतच्या नव्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद करणारे जे. टी. एडवर्ड्स हेही मूळचे बुळकांडीच्या मागें लागलेले. बुळकांडीचा विषाणु शेळ्यांच्या अंगांतून वारंवार नेऊन तो सौम्य करण्याची युक्ति त्यांनीं मुक्तेश्वर येथेंच सिद्ध केली, आणि त्या दिशेनें झालेल्या प्रयत्नांचें फळ म्हणून २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. मानमोडी मात्र अद्याप आहे.

वास्तविक प्रयोगशाळेंत मुद्दाम सौम्य केलेली पहिली लस निघाली ती कोंबडीच्याच रोगावर. १८७९ सालीं पाश्चर हे कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करीत असतां, उन्हाळ्याच्या सुटींत पडून राहिलेलें जुनें बीज टोंचल्यावर कोंबड्या आजारी पडून बऱ्या झाल्या. आणि पुढें ताजें जहाल बीज टोंचलें तरी त्या मेल्या नाहींत. विष शिळें झालें कीं तें ढालीचें काम करतें हें तत्त्व यांतून हातीं आलें, आणि माणसाच्या कितीतरी लसी त्याच वाटेनें निघाल्या. परसांतल्या कोंबडीनें माणसाच्या वैद्यकाला दिलेलें हें दान मोठें आहे. परतफेड मात्र सावकाश झाली.

मानमोडीच्या बाबतींत हें सौम्यीकरण कोंबडीच्याच अंड्यांत घडलें. पिलूं वाढत असलेल्या अंड्यांत विषाणु घालावा, तो तेथें वाढला कीं दुसऱ्या अंड्यांत न्यावा, असें पुनःपुन्हां केलें म्हणजे त्याचा जहालपणा उतरतो. १९४० नंतरच्या वर्षांत हॅडो आणि इदनानी यांनीं या रीतीनें तयार केलेली लस ‘मुक्तेश्वर’ याच नांवानें ओळखली जाते. तीं टोंचलेल्या कोंबडीला मोठें संरक्षण मिळे. पण ती जरा तिखटच होती. कोंवळ्या पिलांना ती सोसत नसे; सहाआठ आठवडे वयाच्या आंत देतां येत नसे. पुढें अमेरिकेंत १९४६ च्या सुमारास सांपडलेला लासोटा हा सौम्य विषाणु कामीं आला. त्याचा थेंब पहिल्याच आठवड्यांत पिलांच्या डोळ्यांत किंवा नाकांत घालतां येतो.

म्हणजे रोग कळला आणि लसही निघाली. मग परसांतली कोंबडी मरत कां राहिली? माझ्या समजुतीनें या इतिहासाचा खरा गाभा येथेंच आहे.

लसीची कुपी शंभर, पांचशें किंवा हजार कोंबड्यांच्या हिशेबानें भरलेली असते. ती बर्फावर ठेवावी लागते, आणि एकदां पाण्यांत कालविली कीं तासदोनतासांत संपवावी लागते. मोठ्या कुक्कुटशाळेंत एका वयाचीं हजारों पिलें एका छपराखालीं असतात. तेथें हा हिशेब बरोबर बसतो. परसांत मात्र एक म्हातारी कोंबडी, दोन तलंगा आणि परवां फुटलेलीं सात पिलें. शंभर कोंबड्या जमवावयाच्या तर वीस घरें एका दिवसाला राजी व्हावीं लागतात. शिवाय दिवस उजाडून खुराडें उघडलें कीं कोंबडी हातीं लागत नाहीं. टोंचणारा मनुष्य पहाटे गांवांत हवा, आणि सरकारी दवाखाना दहा मैलांवर. बैलासाठीं मालक दहा मैल जातो. कोंबडीसाठीं कोण जाणार? आणि जिची कोंबडी आहे तिला दहा मैल जावयास सवड कोठली?

त्यांत रोगाचा प्रसार गरिबीच्याच वाटेनें होतो. एक कोंबडी मान पाडूं लागली कीं बाई मनाशीं हिशेब करते: उद्यां या साऱ्याच मरणार, तर आज बाजारांत नेऊन चार पैसे करावे. तिला दोष देण्याचें धाडस मला होत नाहीं. पण पाटींत बांधलेली ती कोंबडी आठवड्याच्या बाजारांत पोंचते, तेथून आणखी पांच गांवांना जाते, आणि कापलेल्या कोंबडीचीं पिसें व आंतडीं उकिरड्यावर पडतात तीं दुसऱ्याच्या कोंबड्या उकरतात. रोगाला याहून चांगलें वाहन मिळणें कठीण.

सर्व मरण मानमोडीच्याच खात्यावर घालण्याची संवय लागल्यामुळें एक निराळाच धोका उत्पन्न झाला. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्या मोठ्या संख्येनें मेल्या, तेव्हां आरंभीं ही राणीखेतचीच सांथ असें समजण्यांत आलें. तपासणीअंतीं ती बर्ड फ्ल्यू निघाली. भारतांतील ही पहिलीच. मग लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि कुक्कुटशाळांबरोबर आसपासच्या घरांघरांतलीं खुराडींही रिकामीं झालीं.

परसाच्या सोयीची लस निघाली ती अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून. १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथें धडधाकट कोंबड्यांच्या पोटांत मानमोडीच्याच कुळांतला, पण मुळींच रोग न करणारा विषाणु सांपडला. प्राध्यापक पीटर स्प्रॅडब्रो यांनीं ही गोष्ट हेरली. १९८४ पासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उष्णता सोसणारे निरुपद्रवी विषाणु निवडून खेड्यांतल्या कोंबड्यांसाठीं लस करण्याचा उद्योग चालविला. प्रथम मलेशियांत ती दाण्याला लावून खावयास घालण्याचे प्रयोग झाले. दाण्यापेक्षां डोळ्यांतला थेंब भरंवशाचा हें पुढें अनुभवानें दिसून आलें. त्यांनीं तयार केलेलें ‘आय-२’ हें बीज गरीब देशांना आपापल्या प्रयोगशाळांत लस करण्यासाठीं विनामूल्य दिलें गेलें. मोझांबिक आणि टांझानिया या देशांत गांवांतल्याच बायाबापड्यांना ती घालण्यास शिकविण्यांत आलें. या लसीला बर्फाची पेटी सतत लागत नाहीं. ओल्या फडक्यांत गुंडाळून सावलींत धरली तरी ती गांवोगांव नेतां येते. पिलूं असो, तलंग असो कीं म्हातारी कोंबडी असो, मात्रा एकच. पहाटे खुराडें उघडण्यापूर्वीं एकेक कोंबडी हातांत घ्यावयाची, मान कलती करून एका डोळ्यांत एक थेंब सोडावयाचा, तिनें डोळा मिटून उघडला कीं सोडून द्यावयाची; आणि चार महिन्यांनीं पुन्हां तेंच.