स्त्रीप्रतिमेची चिकित्सा करणारे कलाछायाचित्रण

स्त्रीसौंदर्याच्या आदर्श मानल्या गेलेल्या प्रतिमा कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभ्या करून त्या कशा घडवल्या जातात हे उघड करणारा छायाचित्रकलेतील प्रवाह. महाराष्ट्रात अशा प्रतिमांचे मोठे उगमस्थान म्हणजे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवलेला शिळाछापखाना. तेथील रंगीत चित्रांतून साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या आणि देवीचे रूप घरंदाज स्त्रीचाही मापदंड होऊन बसले.

या साच्याला हात घालणाऱ्यांत पुष्पमाला एन. (जन्म १९५६, बंगळूरु) अग्रगण्य होत. मूळच्या शिल्पकार असलेल्या पुष्पमाला वेषांतर करून स्वतःच छायाचित्राचा विषय होतात. छायाचित्रासाठी केलेल्या या अभिनयाला फोटो-परफॉर्मन्स म्हणतात. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) ही मुंबईत टिपलेली चित्रमालिका ‘हंटरवाली’ (१९३५) हा चित्रपट गाजवणाऱ्या अभिनेत्री नादियाच्या धाडसी नायिकेची आठवण जागवते. छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्यासह केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–०४) मध्ये त्या रविवर्म्याची चांदण्यातील स्त्री होतात, विजापूरच्या लघुचित्रातील योगिनी होतात आणि चौकटीच्या पडद्यापुढे उभी केलेली तोडा जमातीची स्त्रीही होतात. हा पडदा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ शरीराची मापे घेण्यासाठी वापरत. चित्रातील सुंदरी आणि ‘नमुना’ ठरवलेली आदिवासी स्त्री एकाच चेहऱ्याने शेजारी आल्या की दोन्हींमागची हुकमत लपत नाही. छायाचित्रकार सिंडी शर्मन यांनीही अमेरिकेत १९७७–८० या काळात स्वतःच्या छायाचित्रांतून न घडलेल्या चित्रपटांच्या नायिका साकारल्या. पुष्पमाला ज्या मूळ चित्रांचा आधार घेतात ती मात्र बहुधा प्रेक्षकाच्या ओळखीची असल्याने प्रश्न थेट त्याच्या आवडीलाच विचारला जातो.

‘बॉम्बे फोटो स्टुडिओ’ (२०००–०३) हे त्यांचे सर्वांत मार्मिक काम मानावे लागेल. चित्रपटतारकांची छायाचित्रे काढण्यात हयात घालवलेल्या दादरच्या जे. एच. ठक्कर यांच्याकडूनच त्यांनी जुन्या पद्धतीच्या प्रकाशयोजनेत नवरसांची छायाचित्रे काढून घेतली. त्यामुळे शृंगार असो वा भयानक, नायिकेच्या भावनेइतकाच तिच्या गालावर पाडलेला प्रकाशही नजरेत भरतो.

याच प्रवाहातील कलाकार तेजल शाह यांनी २००६ च्या छायाचित्रमालिकेत हिजडा समाजातील व्यक्तींची स्वप्नरूपे टिपली. त्यांतील एकीने रविवर्म्याच्या यशोदेचे रूप घेतले आहे. स्त्रीत्वावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या प्रवाहात इतक्या थेटपणे क्वचितच विचारला गेला आहे.