सोयरीक, दत्तक आणि कोल्हापूरची गादी

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ साली ‘बॅरोनेट’ नावाची एक वंशपरंपरागत पदवी निर्माण केली. बापानंतर ती थोरल्या औरस मुलाकडे जाते. पुरुषशाखेत वारस उरला नाही की पदवी संपते. मुलीकडे ती सहसा जात नाही. दत्तकाकडे तर नाहीच. त्यामुळे तिकडच्या कुलवृत्तान्तांतून लग्नांची नोंद फार काटेकोरपणे केलेली असते. कोणत्या पत्नीचा कोणता मुलगा, आणि लग्न कायद्याने झाले होते की नाही, यावर सारी पदवी तोललेली असते.

ही पदवी हिंदुस्थानात प्रथम मिळाली ती मुंबईच्या जमशेटजी जिजीभाईंना, १८५७ साली. १७८३ मध्ये जन्मलेल्या या कर्तबगार पारशी गृहस्थाने १८०३ मध्ये आवाबाईंशी लग्न केले. आवाबाई त्यांच्या मामाची मुलगी, म्हणजे आपल्याकडच्या सोयरिकीसारखीच ही सोयरीक. पुढे १८६० साली या घराण्यासाठी खास कायदा झाला. त्याने असे ठरविले की, जो कोणी पदवीवर येईल त्याने आपले जन्मनाव बाजूस ठेवून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेच नाव धारण करावे. मुंबईच्या या बॅरोनेटांनी नाव बदलले तरी रक्त बदलले नाही. आपल्या कोल्हापूरच्या गादीवर मात्र नाव बदलले, घर बदलले आणि तरीही वंश चालू राहिला. तो कसा चालू राहिला, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

या गादीचा प्रारंभच एका विधवा राणीपासून झाला. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची कन्या ताराबाई हिने १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज निवर्तल्यावर राज्य हाती घेतले आणि पुढे करवीरची वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये ही गादी तिची सवत राजसबाई हिचा मुलगा संभाजी याच्याकडे गेली. १७६० च्या अखेरीस संभाजी महाराज निपुत्रिक वारले. तेव्हा त्यांची राणी जिजाबाई हिने १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ मध्ये मरेपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला.

यापुढची नामावळी लक्षपूर्वक पाहावी. १८६६ मध्ये तिसरे शिवाजी महाराज वारले. त्यापूर्वी त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यास दत्तक घेतले होते; तेच दुसरे राजाराम महाराज. विलायतेच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे ते अवघ्या विसाव्या वर्षी वारले. १८७१ मध्ये नारायणराव भोसले दत्तक आले आणि चौथे शिवाजी महाराज झाले. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे इंग्रजांच्या पहाऱ्यात त्यांचा करुण अंत झाला. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा मुलगा यशवंतराव यास मांडीवर घेतले. आपण सारे ज्यांना राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखतो ते हेच.

दत्तकाचा हा विधी त्या काळी केवळ घरगुती धार्मिक कृत्य नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८४८ मध्ये साताऱ्याच्या महाराजांचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला आणि शिवछत्रपतींच्या वंशाची ती गादी खालसा झाली. पुढे झाशी आणि नागपूर यांचीही तीच गत झाली. १८५७ च्या उठावानंतर सरकारने धोरण बदलले व संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य केला. हे घडले नसते तर १८६६ मध्येच कोल्हापूर संस्थान संपले असते, आणि कागलचा यशवंतराव जहागीरदाराचा मुलगा म्हणूनच राहिला असता. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम कोणी काढला असता, हा प्रश्न ज्याने त्याने मनाशी विचारावा.

आपल्या हुपरीपासून कागल फारसे दूर नाही. या लहानशा जहागिरीच्या मुलींनी मोठमोठ्या दौलतींत संसार केले आहेत. १७८४ मध्ये जन्मलेली बायजाबाई घाटगे दौलतराव शिंद्यांना दिली गेली. १८२७ मध्ये पतीच्या निधनानंतर तिने दत्तक घेतला व सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार चालविला. कागलच्याच धाकट्या पातीतील संयोगिताबाईंचा विवाह १९२४ मध्ये इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी झाला. मराठा घरची मुलगी धनगर घरात जाण्याचा हा प्रसंग शाहू महाराजांच्या प्रेरणेतून आलेला होता. तो पाहण्यास ते मात्र हयात नव्हते. आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा त्यांनी १९१९ मध्येच आपल्या संस्थानात केला होता. लोकांना कायदा सांगावा आणि आपल्या घरची सोयरीक जातीतच ठेवावी, असा दुटप्पीपणा त्यांच्याजवळ नव्हता.

महाराजांचे स्वतःचे लग्न १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी झाले. त्यांची कन्या राधाबाई १९०८ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिली. हा संसार सुखाचा झाला नाही. धाकटे चिरंजीव शिवाजी हे १२ जून १९१८ रोजी शिकारीत अपघाताने वारले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळी अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. महाराजांनी या बालविधवा सुनेला कोपऱ्यात बसविले नाही. आप्तेष्टांचा विरोध पत्करून त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली.

थोरले चिरंजीव राजाराम महाराज १९४० मध्ये पुत्राविना वारले. दत्तक घेतलेले बालक शिवाजी १९४६ मध्ये दगावले. मग १९४७ मध्ये गादीवर कोण आले? देवासचे विक्रमसिंहराव पवार, म्हणजे त्याच राधाबाईंचे चिरंजीव. तेच शहाजी महाराज. ज्या मुलीला बापाने दूर देवासला दिली तिचाच मुलगा आजोबांच्या गादीवर परत आला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. पण घराण्याची परंपरा चालू राहिली, आणि १९६२ मध्ये शहाजी महाराजांनीही आपल्या मुलीचाच मुलगा दत्तक घेतला.

आता हिशेब मांडू. १७६२ पासून १९६२ पर्यंतच्या दोनशे वर्षांत सात दत्तके झाली. त्यांतील तीन वेळा बहिणीचा अगर मुलीचा मुलगा आला, आणि दोन वेळा तरी विधवा राणीने स्वतः दत्तक घेऊन गादी राखली. छापील वंशावळीत मात्र पुरुषामागून पुरुष अशी एक सरळ रेघ ओढलेली दिसते. ती रेघ जिथे जिथे तुटली तिथे तिथे ती एखाद्या स्त्रीने सांधली आहे, हे त्या कागदावर दिसत नाही.

तथापि आपण यात फार भूषण मानू नये, असे आम्हांस वाटते. मुलीचा मुलगा चालला, पण मुलगी चालली नाही. राजाराम महाराजांच्या मागे कन्या होती. वारस म्हणून शोधला गेला तो मुलगाच. बॅरोनेटाचा नियम आणि आपला रिवाज यांत एवढाच फरक की, त्यांनी मुलीवर दार बंद केले, आणि आपण ते तिच्या मुलापुरते उघडले. ते तिच्यासाठी उघडण्यास स्वतंत्र भारताचा कायदा यावा लागला. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा झाला व मुलगी दत्तक घेण्यासही मान्यता मिळाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ मध्ये मिळाला.

गादीची गोष्ट आपल्या घरालाही लागू आहे. हुपरीच्या चांदीकारागिरांना सांगावयास नको की, पैंजण तुटते ते कडीत नव्हे, सांध्यात. आणि सांधा चांगला बसला तर तो दिसतही नाही. आपल्या घराण्याची हकीकत लिहिताना सुनेचे माहेर, तिच्या आईवडिलांची नावे, मुलगी कोणत्या गावी दिली आणि तिचे पुढे काय झाले, हे आपण लिहितो काय? आणि वाटणीचा कागद समोर आला की, बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून तिची सही मागतो, त्या वेळी तिनेच राखलेल्या वंशाची आठवण ठेवतो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने घरी जाऊन आपली आपणच द्यावयाची आहेत.